बैठकीच्या टेबलावरची शाळा

मी एक शाळा आहे, मित्रांनो, पण माझ्यात कधी कुणी शिकलं नाही. मी पुठ्ठ्याची आणि हलक्या लाकडाची प्रतिकृती. एका वस्तीत होणारी नवी सरकारी शाळा कशी दिसेल, हे आधीच दाखवता यावं म्हणून मला बनवलं.

मला घडवणाऱ्या वास्तुविशारद बाई आधी त्या वस्तीतल्या जुन्या शाळेत जाऊन बसल्या. तिथल्या स्वच्छतागृहाचा वास वर्गापर्यंत यायचा. तिथे जावं लागू नये म्हणून मुली घरी पोचेपर्यंत पाण्याचा घोट घेत नसत. म्हणून बाईंनी माझ्या प्रत्येक मजल्यावर, वर्गांच्या शेजारीच, खेळत्या हवेची स्वच्छतागृहं ठेवली. पुढे मोठं मैदान, कडेनं काड्यांची हिरवी झाडं. शेवटची भिंत चिकटवताना त्यांनी श्वास रोखून धरला होता. इतक्या मायेनं मला पुन्हा कुणी हाताळलं नाही.

पहिल्या बैठकीत माझं काय कौतुक झालं! बांधकाम समितीच्या अध्यक्षांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले. मग खाणं आलं. बोटांचं तेल माझ्या गच्चीला पुसलं गेलं. अध्यक्षांच्या दातात काहीतरी अडकलं, तेव्हा त्यांनी माझं एक झाड उपटलं, त्याच्या काडीनं दात कोरले आणि ती ओली काडी माझ्याच वाचनालयात टाकली. मला शिसारी आली.

पुढच्या बैठकीत काटछाट सुरू झाली.

"एवढं मैदान काय करायचंय? शेजारी आपलं कार्यालय होतंय, गाड्या कुठे लावायच्या?" अध्यक्ष म्हणाले. साऱ्यांनी माना डोलावल्या. मग त्यांचं बोट स्वच्छतागृहांवर आलं. "ही सगळी मागे, कुंपणाशी न्या. इथे वास कशाला?"

जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिका उठल्या. "साहेब, तिकडे आडबाजूला मुली जायच्या नाहीत. आत्ताच दिवसभर तहानलेल्या बसतात. आजारी पडतात हो."

"मग घरून जाऊन यायला सांगा की त्यांना!"

टेबलाभोवती हशा पिकला. त्या हसण्याची किळस मला तेलकट बोटांपेक्षा जास्त आली.

अध्यक्षांनी वास्तुविशारद बाईंपुढे कात्री सरकवली. बाईंनी हात मागे घेतले. तेव्हा अध्यक्षांनी स्वतःच नखांनी माझी स्वच्छतागृहं उचकटून काढली.

मुख्याध्यापिकांनी वाद घातला नाही. वस्तीतल्या पालकांचं म्हणणं ऐकायला समितीला एक बैठक घ्यावीच लागणार होती. तिची जागा त्यांनी सुचवली: जुन्या शाळेतला स्वच्छतागृहाला लागून असलेला वर्ग. मलाही तिथे नेलं. ऐन उन्हाळा होता. पंखा तो वास खोलीभर फिरवत होता. अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावला.

"अहो, ती खिडकी लावा कुणीतरी!"

"लावलेलीच आहे साहेब," एक आई म्हणाली. "आमच्या पोरी इथेच बसतात रोज. चहा घ्या ना, गार होतोय."

थोड्या वेळानं अध्यक्षांना उठावंच लागलं. ते स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत गेले आणि तसेच माघारी आले. खुर्चीत नुसती चुळबुळ.

"पाणी देऊ का?" त्याच आईनं विचारलं. या वेळी हसल्या त्या साऱ्या आया.

"ठेवा बाई, ठेवा! मजल्यामजल्यावर ठेवा ती स्वच्छतागृहं!" अध्यक्ष ओरडले.

"आणि मैदान?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"त्याचं बघू नंतर," म्हणत ते लगबगीनं गाडीत बसले.

शाळा उभी राहिली. मुली आता वर्गातून उठून दोन पावलांवर जातात. मैदानात मात्र गाड्याच आहेत. मुलं त्यांच्या मधून पळतात आणि पहारेकरी त्यांच्यावर खेकसतो. मी जिन्याखाली पडून आहे. माझ्या गच्चीवर फिनेलच्या बाटल्या ठेवतात.

मला जपा, असं मी म्हणणार नाही. मी पुठ्ठाच. पण तुमच्या भागात नवी शाळा ठरत असेल, तेव्हा आईला, बाबांना, वर्गाच्या बाईंना घेऊन त्या टेबलापाशी जा आणि मैदान कुठे, स्वच्छतागृहं कुठे, असं मोठ्यानं विचारा. शाळा पुठ्ठ्याची असते तोवर भिंत एका हातानं हलते. सिमेंट सुकलं की कुणी ऐकत नाही.