कपाटातला पोपट

एका बाजारगल्लीत सोफे दुरुस्त करणारा एक माणूस होता. खाली दुकान, वर घर. बायको मागच्या खोलीत मशीनवर खोळी शिवायची, आणि पदरी दोन मुली. थोरली अकरा वर्षांची, तिला सगळे ताई म्हणायचे. धाकटी सात वर्षांची. तिला आईनं नाव ठेवलं होतं ठिणगी, आणि ते उगीच नव्हतं.

ठिणगीचा राग म्हणजे काय सांगावं. मोज्याची शिवण बोटाला टोचली, पोळी मधोमध फाटली, कुणी न विचारता डोक्यावरून हात फिरवला, की झालंच. अशी किंचाळायची की समोरच्या न्हाव्यानं दचकून एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडवली होती, आणि ते बिचारं गिऱ्हाईक उरलेली अर्धी घेऊन सहा महिने गावभर हिंडलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "पोरगी हट्टी नाही. तिला भावना आवरत नाहीत. आपल्याला थेंब वाटतो तिथे तिला पूर येतो." बाबांनी हे पक्कं ध्यानात ठेवलं. आईनंही ठेवलं. ताईला मात्र शेजारपाजारचे चेहरे तेवढे ध्यानात राहायचे.

बाबांनी एक युक्ती केली होती. कापडाचे तागे ठेवायचं मोठं लाकडी कपाट रिकामं केलं, आत चहूबाजूंनी जाड फोम लावला, मागच्या फळीला हवेसाठी भोकं पाडली. पूर यायला लागला की ठिणगी आपणहून त्यात शिरायची आणि दार ओढून घ्यायची. आतल्या मऊ अंधारात तिचं हळूहळू ओसरायचं. फोममुळे दार घट्ट बसायचं, ते बाहेरूनच ओढून उघडावं लागे. म्हणून दाराच्या आतल्या बाजूला एक वीतभर जागा फोम न लावता ठेवली होती, वाजवायला. घरचा नियम एकच. आतून दोनदा टकटक झाली की जो जवळ असेल त्यानं हातातलं काम टाकायचं आणि दार उघडायचं. एकदा तर बाबा तोंडात सात खिळे धरून एका वकिलाशी भाव ठरवत होते. टकटक झाली तसे त्याला तिथेच सोडून धावले. वकील चिडला, सोफा घेऊन गेला. बाबा म्हणाले, "जाऊ दे. सोफा काही आतून दार वाजवत नाही."

तर एके दिवशी शाळेत डॉक्टरांच्या लेकीनं ताईला गाठलं. सोबत तिची चष्मेवाली मैत्रीण होतीच.

"काय गं, काल तुमच्या दुकानातून कोण ओरडत होतं? आमच्या मोलकरणीनं हातातली बादली टाकली."

ताईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते भलतंच. "आमचा पोपट आहे तो."

"पोपट?"

"साधा नाही. बोकडाएवढा आहे. बटणं खातो. बाबांचे खिळे चोचीनं सरळ करून देतो."

एक खोटं बोललं की जीभ सैल सुटते. चार दिवसांत त्या पोपटाला तीन भाषा यायला लागल्या, आणि पाचव्या दिवशी त्यानं एक चोर पकडला. चष्मेवाली म्हणाली, "रविवारी बघायला येतो." ताई म्हणाली, "बघता नाही येणार, तो लाजाळू आहे. कपाटात राहतो. ऐकता येईल."

मग ती घरी आली आणि ठिणगीला म्हणाली, "माझ्याशी खेळशील?"

ठिणगीनं मागे वळून पाहिलं, ताई दुसऱ्याच कुणाला विचारतेय की काय म्हणून. महिनोन्महिने ताई तिच्याशी खेळली नव्हती. शाळेतून येतानासुद्धा दहा पावलं पुढे चालायची.

"काय खेळायचं?"

"तू पोपट व्हायचं."

आठवडाभर दोघींनी पोपट घोटला. ठिणगीनं काय आवाज काढला म्हणता. शीळ घालायची, खर्जात बोलायची, बाबांसारखं खोकायची. त्या आठवड्यात एकदाही पूर आला नाही. मोज्याची शिवण टोचली तरी ओठ चावून बसली. आई जेवताना म्हणाली, "दोघी अशाच राहा गं बायांनो," आणि ताईनं ताटातून मान वर केली नाही.

रविवारी आईबाबा एका घरी सोफा पोचवायला गेले. "तासाभरात येतो, तोवर बहिणीकडे बघ," म्हणाले. दोघी मैत्रिणी आल्या. ताईनं कपाटाकडे हात केला. आतून शीळ आली, मग खोकला, मग घोगऱ्या आवाजात, "बटण दे, बटण." डॉक्टरांची लेक हसून हसून फोमच्या गठ्ठ्यावर कोसळली. ताईची छाती फुगली. आपल्या घरातलं काहीतरी बघून कुणी खूश झालंय, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

"अजून बोल की," म्हणत चष्मेवालीनं कपाटावर मोजपट्टी आपटली. एकदा नव्हे, धाडधाड आठ-दहा वेळा.

आत शांत झालं. मग आवाज आला. टक, टक.

ताईचा हात आपसूक दाराकडे गेला. आणि थांबला.

टक, टक.

"हे काय गं?" डॉक्टरांच्या लेकीनं विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाली. "चोच मारतोय."

तिसऱ्यांदा टकटक झाली नाही. जी किंचाळी आली ती मात्र पोपटाची नव्हती. दोघी मैत्रिणी हसत, घाबरत, एकमेकींना ढकलत रस्त्यावर पळाल्या. त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत ताई तशीच उभी राहिली. मग तिनं दार ओढून उघडलं.

ठिणगी घामानं निथळत होती. मनगटावर दातांचे वळ होते. दम लागलेला.

"मी दोनदा वाजवलं."

"मला ऐकू नाही आलं," ताई म्हणाली.

"चोच मारतोय म्हणालीस की."

ताईनं पाणी आणून दिलं. ठिणगीनं ते घेतलं नाही.

त्या दिवसापासून ठिणगी कपाटात शिरायची, पण दार लावायची नाही. आपली एक चप्पल फटीत अडकवून ठेवायची. फटीतून उजेड यायचा, हातोडीचा आवाज यायचा, आणि जे दहा मिनिटांत ओसरायचं त्याला तास लागायचा. न्हाव्यानं गिऱ्हाइकांच्या मिशांना हात लावणंच सोडलं. बाबांना काही उमगेना. "वाजवतच नाही पोरगी. काय झालंय हिला?" रात्री आईला विचारायचे. ताई भिंतीकडे तोंड करून ऐकायची. त्या चप्पलेवरून जाताना ती मान वळवायची, तरी ती दिसायचीच.

शेवटी एका दुपारी तिनं बाबांना सगळं सांगितलं. बाबा जुन्या खुर्चीचे खिळे उपटत होते. त्यांनी पक्कड खाली ठेवली. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "दार मी वाजवलं होतं का? मला काय सांगतेस?"

तेवढ्यात दारात दोघी मैत्रिणी हजर. पोपटासाठी पुडीत दाणे बांधून आणलेले. कपाट फटीएवढं उघडं, फटीत चप्पल, आत ठिणगी.

"पोपट नाहीये," ताई म्हणाली. आवाज इतका बारीक की तिला परत म्हणावं लागलं. "पोपट नाही. माझी बहीण आहे. ओरडते ती तीच. त्या दिवशी तिला बाहेर यायचं होतं आणि मी दार उघडलं नाही."

"चल, थापाडे," डॉक्टरांची लेक म्हणाली. "एवढा मोठा आवाज माणसाचा असतो का?"

आता खरं बोललं तरी कुणी मानेना. ताई कपाटाकडे बघत राहिली. आतून मदत तरी तिनं कोणत्या तोंडानं मागावी?

फटीतून एक हात बाहेर आला, तळवा वर. मनगटावरचे वळ अजून पुरते गेले नव्हते. "दाणे कसले आहेत?" ठिणगीनं विचारलं.

चष्मेवालीनं गुपचूप पुडी त्या हातावर ठेवली. नजर मात्र मनगटावरून हलेना. दोघी निघून गेल्या. डॉक्टरांची लेक नंतर कित्येक दिवस ताईशी बोलली नाही, आणि त्याचं ताईला वाईट वाटलं नाही असं नाही.

त्या गेल्यावर ताई कपाटापाशी खाली बसली. आत दाणे कुरकुर वाजत होते.

"चप्पल काढू?" तिनं विचारलं.

"नको."

"यापुढे उघडीन मी. लगेच."

"नको म्हटलं ना."

रोज शाळेतून आली की ताई तिथे येऊन बसायची. कधी ठिणगी बोलायची, कधी नाही. महिना असाच गेला. एके दिवशी आतून आवाज आला, "ताई."

"काय गं?"

"माझी चप्पल झिजली. दार चावतं तिला. तुझी लाव."

ताईनं आपल्या पायातली चप्पल काढली, ठिणगीची झिजलेली बाहेर घेतली आणि आपली फटीत बसवली. दार होतं तेवढंच उघडं राहिलं.

तेव्हापासून दुकानात आलेली गिऱ्हाइकं विचारायची, पोरीच्या एका पायात चप्पल का नाही. चप्पल कशी गेली याच्या चाळीस गोष्टी ताईच्या जिभेवर तयार असायच्या. ती त्या गिळायची, मान खाली घालायची आणि सांगायची, "माझ्या बहिणीच्या दारात आहे."