चिंचेने उजळलेले काडतूस

मी एक जुने काडतूस आहे, मित्रांनो. जुने असूनही अजून फुटलेले नाही, आणि हेच माझे दुखणे आहे. माझी पितळी नळी तुमच्या मधल्या बोटाहून जाड. तिच्यात दारू, तोंडाशी गोळी आणि बुडाला ठिणगी पाडणारी छोटी टोपी. मोठी जनावरे एका फटक्यात पाडायची, एवढ्यासाठीच माझा जन्म. माझ्या जातीने शंभर वर्षे हत्ती आणि रानरेडे लोळवले. मला त्याची लाज वाटत नाही.

सौदी अरेबियातल्या राबिघ गावाबाहेर इब्राहीमचा उंटांचा गोठा आहे. तिथल्या बैठकीत, त्याच्या वडिलांच्या बंदुकीशेजारी, मी काचेच्या कपाटात असे. येणारा प्रत्येक पाहुणा मला हातात घेऊन तोलायचा. मग इब्राहीमने नवी बंदूक आणली आणि तिची काडतुसे माझ्या शेजारी येऊन बसली. सडपातळ, टोकदार आणि तोंडाने तिखट. "आम्ही तुमच्या दुप्पट लांब मारतो, आजोबा," असे ती मला चिडवत.

इब्राहीमला आफ्रिकेत रेड्यांच्या शिकारीला जायचे होते. मला न्यायचे की त्यांना, हे त्याचे ठरेना. तेवढ्यात एका म्हाताऱ्या उंटिणीचा पाय मोडला आणि तिच्यावर आमची परीक्षा घ्यायची त्याला आयती संधी मिळाली.

उंटिणीला चारा घालायचा तो कोकणातल्या संगमेश्वरहून नोकरीला आलेला समाधान. तो तिला बायजा म्हणे. "मेहमान आएँगे, सब चमकाओ," असा त्याला हुकूम झाला. त्याने घरच्या तांब्या-पितळेसारखे मला चिंचमिठाच्या कोळात भिजत घातले, घासले, उन्हात वाळवले. मी सोन्यासारखे झाले. कोळ टोपीतून आत झिरपला, हे त्याला कळले नाही. मला कळले, पण त्या चकाकीपुढे मला त्याचे काही वाटले नाही.

पाहुणे गालिच्यावर बसले. समाधानला दोरी धरायला लावली. पहिली पाळी नव्याची. गोळी बायजाच्या खांद्यातून आरपार गेली. ती खाली बसली, पण मेली नाही, ओरडत राहिली.

"बाबा, अब बड़ावाला लगाओ," समाधान इब्राहीमला हात जोडून म्हणाला. "एक में छूट जाएगी बेचारी." मग तिच्या कानाशी वाकला. "बायजे, घाबरू नको हां. आता सुटशील."

मला भरले. याच क्षणाची मी जन्मभर वाट पाहिली होती. चाप ओढला. खट्. पुन्हा ओढला. खट्. पाहुणे पोट धरून हसले.

"खलास," इब्राहीम म्हणाला. "बाप का माल बाप के साथ गया." त्याने मला वाळूत टाकले आणि नवी बंदूक उचलली. पुढची गोळी कुठे मारू, असे तो पाहुण्यांना विचारू लागला. बायजाची मान पडेपर्यंत चहाचा दुसरा फेरा झाला. दोरी समाधानच्याच हातात होती.

नवी काडतुसे आफ्रिकेला गेली. मला वाळूतून उचलून परत कपाटात ठेवले आहे, शोभेपुरते. समाधान अधूनमधून काच उघडतो. "एवढं चकचकीत केलं होतं तुला, तरी दगा दिलास," असे पुटपुटतो.

मित्रांनो, कोणाचीही निगा राखण्याआधी त्याला काय सोसते ते जाणून घ्या. समाधानला हे सांगणार कोण? तो आजही चिंच भिजवतो, मला त्यात बुडवतो आणि डोळे पुसत घासत बसतो.