मायाक्काचा हिरवा कोट

अक्कलकोट रोडच्या कारखान्यांमागं प्रभुलिंग डॉक्टरांचा वीस खाटांचा दवाखाना आहे. तिथं मायाक्का नऊ वर्षं फरशी पुसते, पेशंटची भांडी उचलते. सगळे तिला मावशी म्हणतात. गेल्या वर्षापासून तिची पोटची लेक सृष्टीही, घरी अव्वा म्हणणारी, चारचौघांत मावशीच म्हणते. डॉक्टरीणबाईची आई फरशी पुसते हे बरं दिसत नाही, असं प्रभुलिंग डॉक्टरांनीच बजावलं होतं.

सृष्टी किरगिझस्तानात सहा वर्षं शिकली. बापानं, येडूनं, त्यासाठी मैंदर्गीच्या माळावरची सगळी मेंढरं विकली. परत आल्यावर बाहेर शिकलेल्या डॉक्टरांसाठीची इथली परीक्षाही ती पास झाली. मैंदर्गीच्या स्टँडवर तिच्या फोटोचा फ्लेक्स झळकला. आता राहिलं होतं एकच वर्ष, मोठ्या दवाखान्यातल्या इंटर्नशिपचं. ते केल्याशिवाय नोंदणी नाही आणि नोंदणीशिवाय साधी गोळी लिहून द्यायची सोय नाही. इथं शिकलेली पोरं आपापल्या कॉलेजात सरळ त्या वर्षाला लागत. बाहेरून आलेल्यांना जागा मोजक्या. दोन याद्या लागल्या, दोन्हीत सृष्टीचं नाव थोडक्यात खाली राहिलं. तिसरी सोमवारी लागणार होती.

तोवर शिकायला म्हणून प्रभुलिंग डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं, आणि सगळा वॉर्ड तिच्या अंगावर टाकून ते मोकळे झाले. कागदावर अक्षर तिचं, सही त्यांची.

गुरुवारी दुपारी डॉक्टर घामाघूम होऊन आत आले.

"तपासणी आलीय. पांढरा कोट काढ तो! सापडलीस तर बोगस डॉक्टर म्हणून नाव जाईल. मग कसली यादी आन् कसलं काय!"

जणू तिला वॉर्डात त्यांनी नव्हे, तिनंच नेमलं होतं.

मागच्या दाराशीच तपासणीच्या साहेबांची जीप उभी होती, निसटायला वाट नव्हती. मायाक्कानं लेकीला चादरींच्या खोलीत ओढलं आणि खुंटीवरचा आपला फरशीच्या कामाचा दुसरा हिरवा कोट काढला.

"हात घाल."

"अव्वा, हा नको."

"घाल म्हणते न्हवं!"

हा कोट लेकीच्या अंगावर येऊ नये, एवढ्यासाठी तिनं नऊ वर्षं तो स्वतःच्या अंगावर वागवला होता. आता आपल्याच हातानं ती त्याची बटणं लावत होती. शेवटचं बटण लागेना, तसं सृष्टीनंच ते लावलं आणि फरशीचं फडकं उचललं.

साहेब वॉर्डात फिरले. अकरा नंबरच्या खाटेवर रेवणप्पा होता, टॉवेलच्या कारखान्यात उभा जन्म गेलेला म्हातारा. दम्याचं औषध घेऊन थकला होता. त्याच्या छातीत पाणी झालंय, हे परवा सृष्टीनं ओळखलं होतं.

"काय आजोबा, बरं वाटतंय का?"

"लई बरं हाय साहेब. ह्या पोरीनं वळखलं बगा. आमची डॉक्टरीणबाई," असं म्हणत त्यानं खाली बसून फरशी पुसणाऱ्या सृष्टीकडं बोट केलं. "पर बाई, तुमी खाली का बसलाय?"

साहेबांनी वळून पाहिलं. प्रभुलिंग डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले.

मायाक्का मोठ्यानं हसली. "म्हातारं भरमलंय, साहेब. ही माझी लेक. माझ्यासंगं फरशी पुसती."

"कितवी शिकलीय?"

मैंदर्गीत भेटेल त्याला, न विचारता, ती हे सांगत आली होती. किरगिझस्तानचं नाव नीट यावं म्हणून तिनं ते पाठ केलं होतं.

"न्हाय शिकली," ती म्हणाली. "डोकंच न्हवतं तिला."

 सृष्टीचं फडकं एकाच जागी फिरत राहिलं.

साहेब चहा पिऊन गेले. त्यांच्यामागोमाग प्रभुलिंग डॉक्टरही गाडी काढून बाहेर पडले.

तासाभरानं रेवणप्पाला पुन्हा धाप लागली. सृष्टी पांढरा कोट चढवून धावली. तिनं नळी छातीला लावली, तसा त्यानं तिचा हात झटकला.

"हात लावू नगंस! फरशी पुसायची सोडून मला सुया टोचत व्हतीस व्हय गं?"

"रेवणप्पा, अवो ती डॉक्टर हाय," मायाक्का काकुळतीला आली. "परदेशात शिकलीया. लेकरागत हाय तुमच्या, तपासू द्या."

"मगा तूच बोललीस की, डोकं न्हाय म्हून. आईपक्षा जास्ती कोन वळखतंय?" धापा टाकत त्यानं भिंतीकडं तोंड केलं. "खऱ्या डॉक्टरला बलवा."

खरा डॉक्टर फोन उचलत नव्हता. सृष्टीनं सुकन्या सिस्टरला बोलावून तिच्या कानात औषध सांगितलं, किती आणि कसं द्यायचं ते सांगितलं. सिस्टरनं सुई दिली. हळूहळू म्हाताऱ्याचा श्वास खाली बसला. त्यानं सिस्टरला हात जोडले.

सोमवारी यादी लागली. सृष्टीचं नाव याही खेपेला खालीच राहिलं. मंगळवारी ती वेळेवर दवाखान्यात आली. मायाक्कानं दारातच विचारलं, "आता गं?"

"पुढच्या यादीपातुर हितंच," सृष्टी म्हणाली. "मावशी, तो दुसरा हिरवा कोट धुऊन ठेवा. लागंल परत."