गनच्या उजवीकडे

"धम्माभाऊ, ही गन बघून पोलीस येतील राव," शेडच्या दारातून कुलदीप म्हणाला.

धम्मरत्नचा हात थांबला नाही. पॉलिश पेपर लाकडावर पुढेमागे होत राहिला. "लाकडाची आहे. आरपार भोकसुद्धा नाही तिला."

"ते तुमाला न् मला ठाऊक. लांबून खरीच वाटतीय."

चिखलीतली ती शेड कुलदीपच्या मालकीची होती. तिथे धम्मरत्न ओतकामासाठी लाकडी पॅटर्न बनवायचा. पंपाचा सांगाडा असो नाहीतर गिअरबॉक्सचे झाकण, ते आधी त्याच्या हाताखाली लाकडात तयार व्हायचे आणि मग चाकणच्या कारखान्यांत धातूत ओतले जायचे. गेले वर्षभर मात्र सुट्टीच्या दिवशी तो शिवणीच्या लाकडातून व्हिकर्स मशीनगन घडवत होता, अगदी खऱ्या मापाची.

त्याचे वडील किसन, म्हणजे आबा, महार रेजिमेंटमध्ये होते. त्यांच्या जुन्या टोपीच्या बिल्ल्यावर अशाच दोन गन एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या होत्या. लहानपणी धम्मरत्न त्या बिल्ल्यावरून बोट फिरवायचा आणि लढाईबद्दल विचारायचा. आबा म्हणायचे, "व्हती एक गन. लई तापायची. पाणी घालायचो आमी." बस, एवढेच. फौजेतून परतल्यावर त्यांनी एका कंपनीच्या गेटवर वॉचमनची नोकरी केली, मुलांना शिकवले, पण पासष्टच्या लढाईचा विषय घरात कधी काढू दिला नाही.

दीड वर्षापूर्वी माजी सैनिकांच्या एका मेळाव्यात खरी व्हिकर्स ठेवलेली होती, भोवती दोरी बांधून. सगळे फोटो काढत होते. आबा मात्र हात मागे बांधून दोरीपाशी उभे राहिले ते जेवणाची पंगत बसली तरी हलले नाहीत. परतताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जवळ जाऊ देत न्हाईत."

त्या एका वाक्यावर धम्मरत्नने हे काम काढले. दोरीपलीकडून काढलेल्या फोटोंवरून त्याने मापे बसवली. नळी गार ठेवणाऱ्या पाण्याच्या नळकांड्यावरच्या लांब खाचा, तिपाईचे जड पाय, मागच्या दोन मुठी आणि त्यांच्यामध्ये अंगठ्याने दाबायचा खटका. त्या मुठींवर त्याने सगळ्यांत जास्त वेळ घालवला. आबांची बोटे तिथेच विसावली असणार, असे त्याला वाटायचे. गोळ्यांचा पट्टा त्याच्या बायकोने, भाग्यश्रीने, जाड कॅनव्हासचा शिवला आणि त्याने लाकडी गोळ्या कातून त्यात बसवल्या.

तरी आबांना आणायच्या दिवशी सकाळी त्याचे मन कच खाऊ लागले. "त्यांना वाईट वाटलं तर गं?"

"वाटू दे," भाग्यश्री म्हणाली. "इतकी वर्षं मनात ठेवलंय, तेव्हा बरं वाटत होतं का त्यांना?"

पिंपळे गुरवच्या घरातून तिघे रिक्षाने आले. आबांनी ब्याऐंशी ओलांडली होती. गुडघे इतके गेले होते की बुद्धवंदनेलाही ते खुर्चीवर बसत. कुलदीपने त्यांच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. धम्मरत्नने गनवरचे कापड काढले.

गनला एक फेरी घालून आबा पट्ट्यापाशी वाकले. कॅनव्हास दोन बोटांत चोळून पाहिला.

"ह्यो कुणी शिवला?"

"मी, आबा," भाग्यश्री म्हणाली.

"चांगला हाय. वल्ला हू द्यायचा न्हाई. वल्ला झाला की आखडतो, गन अडती. मी शर्टाच्या आत पोटाशी धरून ठिवायचो."

फौजेतल्या दिवसांबद्दल इतके बोलताना धम्मरत्नने आबांना कधीच ऐकले नव्हते. मग आबांनी काठी कुलदीपच्या हातात दिली आणि ते खाली वाकू लागले. धम्मरत्न धरायला धावला, पण त्यांनी हातानेच त्याला थांबवले. एक हात जमिनीवर, मग एक गुडघा, मग दुसरा. चेहरा वेदनेने ओढला गेला, पण अंग चुकले नाही. कुठे टेकायचे, किती वळायचे, सगळे त्या म्हाताऱ्या शरीराला पाठ होते. आबा गनच्या उजव्या बाजूला कुशीवर टेकले. पट्ट्याचे टोक त्यांनी गनमध्ये सरकवले आणि बाकीचा पट्टा तळहातावर सरळ तोलून धरला.

मुठींमागची जागा मोकळीच राहिली.

"आबा, इकडं मागं या ना," धम्मरत्न म्हणाला. "मुठी धरून बघा."

"मी दोन नंबर. पट्टा द्यायचा." आबांची नजर समोर होती. "गन धोंडीबाची."

"कोण धोंडीबा?"

"एक नंबर, गन चालवायचा. साताऱ्याकडचा. लई शांत हात. दुपारी त्येला लागली. आवाज न्हाई काई न्हाई, नुसता माज्याकडं कलला."

बाहेर एक ट्रक मागे घेतल्याचा आवाज येत होता.

"मग?" भाग्यश्रीने हळूच विचारले.

"मग त्येला बाजूला घेतला न् मीच बसलो. एक पडला की दोननं बसायचं, तसा हुकूमच व्हता. अंधार पडंस्तोवर चालवली." त्यांनी पट्ट्यातली एक गोळी अंगठ्याने नीट बसवली. "पर ती जागा त्येचीच."

धम्मरत्नला आपल्या बापाकडे पहिल्यांदाच बघतोय असे वाटले. गेटवर सलाम ठोकणारा, महिनाअखेरी वाणसामान मोजून आणणारा हा माणूस त्या दुपारी दुसऱ्याच्या जागेवर बसला होता, आणि उठल्यावर ती जागा त्याने कधीच आपली म्हटली नव्हती.

गनमागे बसून फोटो काढायचा, असे कुलदीप आठवडाभर म्हणत होता. त्याने मोबाईल खिशात ठेवला आणि त्या मोकळ्या जागेला लांबून वळसा घालत तो पलीकडे गेला. भाग्यश्रीने साडी आवरली आणि ती आबांच्या मागे जमिनीवर बसली. धम्मरत्नही तिच्याशेजारी बसला.

आबांच्या तळहातावर पट्टा तसाच सरळ होता.