फाट्यावरचा दोष

मिरजगावजवळच्या फाट्यावर उसाच्या ट्रॉलीला मोटारसायकल धडकून वाल्मिक गेला, तेव्हा गावानं त्यालाच दोष दिला. त्याची बायको सुकन्या ऐकून घेत राहिली. फाट्यावर ना दिवा, ना वळणाची खूण, हे तिचा भाऊ करण तेवढा मानायचा. तो रस्तेखात्यात इंजिनिअर होता.

खात्यानं त्याला अभ्यासासाठी स्वीडनला पाठवलं. तिथून त्याचा फोन आला. "ताई, इथं माणूस चुकणार हे धरूनच रस्ता बांधतात. कुणी गेलं की आधी रस्ता तपासतात. दाजींचा फाटा मी तसाच करून घेतो." त्या दिवशी सुकन्या कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

तो परतल्यावर खात्यानं कर्जतला रस्ता सुरक्षेवर जाहीर सभा घेतली. सुकन्या पुढंच बसली होती. करणनं पडद्यावर स्वीडनचे रस्ते दाखवले, मग तो फाटा दाखवला. शेजारी बसलेल्या साहेबांकडं बघत तो म्हणाला, "तिकडं लोक शिस्त पाळतात. इथं चालकाचा निष्काळजीपणा नडला. रस्त्यात दोष नाही."

सुकन्या उभी राहिली. "करण, फोनवर तू मला हेच सांगितलं हुतंस का?"

"ताई, घरी बोलू."

सभेनंतर तो तिला गाठून म्हणाला, "तो रस्ता साहेबांनीच केलाय. मला नोकरी करायचीय, ताई."

"कर की. पन तुझ्या दाजींच्या माथी दोष मारून नको करू."

ती एसटीनं घरी गेली. फाट्यावर 'वाहने सावकाश चालवा' एवढी पाटी लागली. भाऊबीजेला करण आला. सुकन्यानं चहा दिला, पण ओवाळायला पाट मांडला नाही.