तुपावरचा लाल शिक्का

ज्या माणसावर इतकी वर्षं डूख धरला, तोच प्रवीणकुमार आपल्या पायांनी चालत आला आणि समोरच्या खुर्चीवर बसून "अक्का, स्वल्प मदत करा" म्हणू लागला, तेव्हा रूपश्रीला हसू आवरेना.

सोशल मीडियावरच्या खोट्या बातम्या हुडकायच्या, त्यांच्या फोटोवर 'खोटे' असा लाल शिक्का मारायचा आणि तो सरकारी पेजवर टाकायचा, हे बंगळुरातल्या त्या सरकारी तपासणी कक्षाचं काम. रूपश्री तिथं कंत्राटावर होती. प्रवीणकुमारसारखा माणूस कधी ना कधी या दारात येणारच, हे ओळखूनच तिनं ही नोकरी धरली होती.

मल्लेश्वरम भागात आठव्या क्रॉसवर तिच्या वडिलांचं, वासुदेवरावांचं, मसाल्याचं दुकान होतं. यांच्या तिखटात विटेची पूड असते, असा व्हिडिओ प्रवीणकुमारनं दुकानाची पाटी दाखवून केला. ग्लासभर पाण्यात चमचाभर लाल पूड टाकली, की झाला पुरावा! पुढं सरकारनं नमुना तपासला. तिखट चोख निघालं, आणि पाटी आणि 'तिखटात वीट' हा मजकूर असलेल्या फोटोवर 'खोटे' असा शिक्का मारून तो सगळीकडं पाठवला गेला. वासुदेवरावांनी गल्लीत पेढे वाटले. भोळा माणूस! खरा घात तिथंच झाला. ज्यांनी व्हिडिओ पाहिलाच नव्हता, त्यांनाही आता दुकान, वीट आणि लाल शिक्का एकाच फोटोत दिसला. शिक्क्यावरचं वाचतो कोण? लाल दिसलं की लोक धोका समजतात. उरलंसुरलं गिऱ्हाईकही तुटलं आणि दुकान बंद पडलं. वासुदेवराव टीव्हीसमोर बसले ते बसलेच.

प्रवीणकुमारनं मात्र असल्या व्हिडिओंच्या कमाईवर इलेक्ट्रॉनिक सिटीत तूप-डोशाचं हॉटेल थाटलं होतं. आता तिथल्या एका सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, की याच्या तुपात चरबी असते. त्या ग्रुपबाहेर कुणाला याचा पत्ताही नव्हता. कक्षानं नमुना तपासून घेतला, तूप शुद्ध निघालं.

"एवढ्याशा अफवेला त्या ग्रुपपुरतंच उत्तर द्यायचं," साहेब महांतेश म्हणाले. ते निपाणीकडचे. "पेजवर टाकलं तर नसलेली बोंब गावभर हुतीया. त्याला नीट समजावून सांग."

रूपश्रीनं प्रवीणकुमारला एवढंच विचारलं, "ग्रुपवर उत्तर देऊ, की पेजवर टाकू?"

"पेजवरच टाका की, अक्का! हॉटेलची पाटी मोठी दिसू दे. जितके लोक बघतील तितकं बरं."

व्ह्यूजवर पोसलेला तो, दुसरं काय मागणार? एका वाक्यानं त्याला सावध करता आलं असतं. ते वाक्य जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात टीव्हीसमोर बसलेला बाप तिच्या डोळ्यांपुढं आला आणि तिनं ते गिळलं.

"सरी, तसंच करू," ती म्हणाली.

"सांगितलंस न्हवं त्याला?" संध्याकाळी महांतेशनी विचारलं.

"सांगितलं, सर. ऐकतच नाही."

खोटं पकडायच्या त्या कचेरीत बसून ती धडधडीत खोटं बोलली, आणि तिला काडीइतकंही वाईट वाटलं नाही. हॉटेलची पाटी, 'तुपात चरबी' ही ओळ आणि वर लाल शिक्का, असा फोटो तिनं कन्नड, इंग्रजी, हिंदी अशा तिन्ही भाषांत टाकला, आणि इतर खात्यांनाही आपापल्या पेजवर टाकायला लावला.

थोड्याच दिवसांत प्रवीणकुमार परत आला. तोंड पार उतरलेलं होतं.

"अक्का, पाया पडतो, ते काढा. हॉटेलात माशा मारत बसलोय. सरकारनंच चरबी पकडली म्हणतात लोक."

"पण वर 'खोटे' लिहिलंय ना?"

"वाचतंय कोण ते!"

हेच त्याच्या तोंडून ऐकायला ती इतकी वर्षं थांबली होती. जिवाला गार वाटलं तिला.

"खोटं असतं तर काढलं असतं," ती म्हणाली. "आम्ही टाकलंय ते खरं आहे. ते कसं काढणार? आठव्या क्रॉसवरचं तिखटाचं दुकान आठवतं का? त्यांची मुलगी मी."

तो पाठ फिरवून निघून गेला.

कधी एकदा वडिलांना सांगते असं रूपश्रीला झालं होतं. पण ती दारात पाऊल टाकते तोच वासुदेवरावांनी फोन तिच्यापुढं धरला.

"रूपा, हे बघ. इलेक्ट्रॉनिक सिटीत कोण तो तुपाचा डोसा करतो म्हणं, आणि चरबी घालतो की गं! मी आपल्या सगळ्या लोकांना पाठवून दिलो."

"अण्णा, वरचा शिक्का वाचा."

"वाचलो की. 'खोटे' म्हणून हाय. पण काही नसताना सरकार उगंच कशाला सांगंल?"

ओठांवर आलेलं प्रवीणकुमारचं नाव रूपश्रीला उच्चारवेना. वासुदेवरावांच्या चेहऱ्यावर किती वर्षांनी हुरूप आला होता, आणि फोटो पाठवायचा आणखी कोण राहिलं, ते चष्मा सावरून शोधत होते.