मांजराच्या डोळ्यात सरस्वती

वालूरच्या मारुतीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर तेरा वर्षांचा भुजंग अखंड बडबडत होता. बुबुळं काळीभोर पसरलेली, गाल लालबुंद, आणि बोटं हवेतून काहीतरी वेचत होती.

"बगा, बगा!" त्याच्या शेजारी बसलेले ज्ञानगिरी महाराज गरजले. "सरस्वती डोळ्यांत उतरली! येकच बुद्धिगुटी दिली, तर पोरगं घडाघडा उर्दू बोलायलंय! तीन गुट्यांत अख्खं पुस्तक पाठ!"

लोकांनी हात जोडले. निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत, आणि गावात उर्दू समजणारे चार-दोन. पोराचं बोलणं कळत नाही म्हणजे ते उर्दूच, असं सगळ्यांनी धरून टाकलं. परीक्षा आठवड्यावर आली होती. भुजंगची आई बायनाबाई दुसरी गुटी पाण्यात उगाळत होती.

मी भुजंगच्याच शाळेत उर्दू शिकवत होतो. कान देऊन ऐकलं. एक शब्द उर्दू नव्हता. पोर निव्वळ बरळत होतं. अंग तापलेलं, जीभ कोरडी ठणठणीत. आणि हा गलेलठ्ठ माणूस त्याच्या शेजारी बसून पेढे खात होता!

"बायनाबाई, ती वाटी इकडं द्या."

"न्हाई मास्तर! पोरगं पास झालं तर नौकरी हाय त्याला. मोडता नका घालू."

मी वाटी हिसकावली. उन्हात बसलेलं मांजर धरलं आणि वाटीतलं पाणी गाळून थेंबभर त्याच्या उजव्या डोळ्यात सोडलं. अर्ध्या तासाने डावं बुबुळ बारीक रेघ, उजवं काळंभोर गोल!

"घ्या, उतरली सरस्वती! आता मांजराला उर्दू विचारा."

मी महाराजांची एक गुटी फोडली. आत चपट्या पिवळट बियांचा चुरा होता.

"आरं, ह्यो तर धोतरा!" आबासाहेब पाटील ओरडले.

"धोतराच. यानं बुबुळं फाकतात, घसा सुकतो, ताप चढतो, लघवी तुंबते, माणूस भ्रमात बरळतो. दुसऱ्या गुटीनं पोर दगावलं असतं."

"मंतर चुकला आसंल," म्हणत महाराज उठू लागले. आबासाहेबांनी त्यांना मानगुटीला धरून चावडीवर नेलं.

भुजंगला आम्ही सेलूच्या दवाखान्यात हलवलं. तो तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला, पण कित्येक दिवस पुस्तकातली अक्षरं त्याला पुसट दिसत होती. परीक्षा हुकली.

"मास्तर, म्या माज्या हातानं पाजली वो," एवढंच बायनाबाई म्हणत राहिली.

बाबांनो, अभ्यास उगाळून पाजता येत नाही. लेकराच्या तोंडात काही घालण्याआधी एवढं तरी विचारा, की यात आहे काय? त्या माउलीला हे विचारायला कोणी शिकवलं नव्हतं. तिच्या पोराला मी तीन वर्षं उर्दू शिकवली, पण हे मीही शिकवलं नाही.